एक्क्याण्णव तपासण्या आणि सकाळचे साडेसहा: घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’चा अनुभव

मार्च २०१९ ते फेब्रुवारी २०२३ या चार वर्षांत मी एकाच कंपनीचे घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’ तीन वेळा करून घेतले. कंपनीचे नाव मी देत नाही. अशी पॅकेजे विकणाऱ्या इतर काही कंपन्यांच्या याद्याही मी नंतर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि मला त्यांत फारसा फरक दिसला नाही, तेव्हा एकीलाच वेगळे काढून दोष देण्यात अर्थ नाही. हा अभिप्राय मुख्यतः अशांसाठी आहे, ज्यांचे काही ना काही महिनोन्‌महिने दुखते आहे, ज्यांना प्रत्येक दवाखान्यात ‘तसे काही विशेष नाही’ असे सांगितले जाते आणि जे शेवटी कंटाळून ‘एकदा सगळ्याच तपासण्या करून टाकू’ या निर्णयाला येतात. ज्याला काहीच होत नाही आणि ज्याला वर्षातून एकदा साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यायचे आहे, त्याचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा आणि बहुधा चांगला असेल. रक्त घेण्याच्या सेवेला मी पाचपैकी पाच तारे देते, प्रयोगशाळेच्या कामाला चार, रिपोर्टच्या मांडणीला दोन आणि पॅकेजबरोबर मिळणाऱ्या ‘मोफत डॉक्टरी सल्ल्या’ला एक, तोही सल्ल्याचा फोन ठरल्या वेळी आला म्हणून.

माझे दुखणे २०१७ च्या पावसाळ्यात सुरू झाले, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची. कंबरेच्या खाली, बैठकीच्या भागात खोलवर ठणका असायचा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे, आणि कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागायची. उठल्यावर तास-सव्वा तास अंग लाकडासारखे ताठ असे. अंघोळीचे गरम पाणी अंगावर घेतले, केर काढला, पोळ्या लाटल्या की हळूहळू मोकळे व्हायचे, आणि दहा वाजता कार्यालयात पोचेपर्यंत मी इतरांसारखी चालत असे. सुट्टीच्या दिवशी जास्त वेळ लोळले तर दुखणे वाढायचे, हे मला विचित्र वाटे, कारण कंबरदुखीला विश्रांती हाच उपाय असे सगळेच सांगत होते. पुढे टाचा दुखू लागल्या, आणि दुपारी जेवणानंतर असा थकवा येऊ लागला की टेबलावर डोके ठेवावेसे वाटे.

साताऱ्यातल्या दवाखान्यांच्या फेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. कंबरेचा एक्स-रे स्वच्छ आला. मग एमआरआय झाला, त्यात मणक्यांमधली एक गादी किंचित फुगलेली दिसली आणि दुखण्याला कारण सापडले असे सर्वांनी ठरवले. पट्टा, ट्रॅक्शन, शेक, ‘वाकू नका, उचलू नका, आराम करा’. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांत अशी फुगलेली गादी दिसते, हे मला कितीतरी नंतर कळले. आराम करून दुखणे वाढतच गेले, तेव्हा प्रश्न मनाकडे वळला. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, नात्यातल्या एका बाईंनी ‘एक मूल होऊ दे, सगळं जागच्या जागी येईल’ असे सांगितले, आणि खरे सांगायचे तर मलाही अधूनमधून वाटू लागले की आपण उगीच बाऊ करतो. त्याला एक कारण होते. नोकरी सांभाळून दवाखान्यात जायचे तर संध्याकाळी सातची वेळ मिळते, आणि संध्याकाळी सातला मी धडधाकट असायची. डॉक्टर वाकायला सांगत, मी वाकत असे. पाय उचलायला सांगत, मी उचलत असे. सकाळची मी त्यांनी कधी पाहिलीच नाही.

मार्च २०१९ मध्ये ‘९१ तपासण्या, मूळ किंमत ५,९९९, आज फक्त १,७९९’ असा संदेश आला. मार्चमध्येच तो येण्यामागे हिशेब असावा: प्राप्तिकराच्या कलम ८० डी खाली प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी तेव्हा ५,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळत असे आणि वर्षअखेरीला लोक असे खर्च शोधत असत. मीही तसाच विचार केला. करही वाचेल आणि एकदाचे काय ते कळेल. एक्क्याण्णव ठिकाणी शोधल्यावर काहीतरी हाती लागणारच, असा माझा समज होता.

नमुना उपाशीपोटी द्यायचा असल्याने वेळ सकाळी साडेसहाची होती. घंटा वाजली तेव्हा घरात मी एकटी होते आणि पलंगापासून दारापर्यंतची पंधरा पावले भिंतीला धरत चालायला मला बराच वेळ लागला. दुसरी घंटा झाली, मग फोन वाजला. दार उघडल्यावर तो मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, “सावकाश, ताई. मला वाटलं घरात आजी असतील.” त्याने खुर्ची ओढून दिली, हात उशीवर ठेवला, एका टोचण्यात शीर पकडली. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) यांसाठी, करड्या टोपणाची साखरेसाठी, पिवळ्या टोपणाची बाकी सगळ्यासाठी आणि लघवीची एक बाटली. प्रत्येक नळी त्याने अलगद उलटीसुलटी केली, माझ्यासमोर नाव आणि बारकोड चिकटवला, थंड पेटीत ठेवली. निघताना त्याने विचारले, “रोज सकाळी असंच होतं का?” मी हो म्हणाले. त्याने त्याच्या मोबाइलमधला अर्ज वरखाली करून पाहिला. त्यात उपाशी आहात का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असे तीन रकाने होते. चौथा नव्हता.

त्या सेवेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दोन वर्षे मी ज्या ज्या आरोग्यसेवेला पैसे मोजले, त्यांत माझे दुखणे प्रत्यक्ष घडताना पाहणारा तो पहिला माणूस होता, आणि त्याने ते ओळखलेही होते. फक्त जे पाहिले ते लिहायला त्याच्याकडे जागा नव्हती.

आता एक्क्याण्णव या आकड्याविषयी. रिपोर्ट हातात आल्यावर मी तो हिशेबाच्या वहीसारखा तपासला (मी लेखा विभागात काम करते, सवय जात नाही). रक्ताच्या एका साध्या सीबीसीमधूनच चोवीस ‘तपासण्या’ मोजलेल्या होत्या, कारण पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार टक्क्यांत एकदा आणि संख्येत पुन्हा एकदा धरले होते. युरिया आणि बीयूएन हे एकाच मोजमापाचे दोन पोशाख आहेत, बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो. ग्लोब्युलिन म्हणजे एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा. ‘सरासरी अंदाजित साखर’ हा आकडा एचबीएवनसीवरून सूत्राने काढतात, त्यासाठी वेगळे रक्त लागत नाही. कोलेस्टेरॉलच्या सदरात तीन गुणोत्तरे होती, ती कोणीही कागदावर मांडू शकेल. लघवीचा रंग आणि गढूळपणा याही दोन तपासण्या होत्या. यात खोटे काही नाही, प्रत्येक आकडा वैद्यकीयदृष्ट्या वापरात असतो. पण एक्क्याण्णव दरवाजे ठोठावले अशी समजूत करून घेणाऱ्या रुग्णाला हे माहीत असावे की प्रत्यक्षात साखर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, चरबी, लोह आणि रक्तपेशी अशा सात-आठ घरांचीच दारे वाजवली गेली आणि प्रत्येक घराच्या खिडक्याही वेगळ्या मोजल्या.

दुसरी गोष्ट लाल रंगाची. मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा या रिपोर्टमध्ये ठळक लाल छापलेला असतो. ‘नॉर्मल’ मर्यादा सामान्यतः अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक तिच्या आत बसावेत. म्हणजे निरोगी माणसाचाही प्रत्येक तपासणीत वीसात एकदा लाल आकडा येणार, हे गृहीतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर त्यांतली किमान एक मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये लाल आकडे अकरा होते. ड जीवनसत्त्व १४, म्हणून आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली, ती योग्यच होती; पण त्याने सकाळ बदलली नाही. बी१२ काठावर, तेही शाकाहारी घरात नवलाचे नाही.

दोनदा तर लाल आकड्यांनी निष्कारण घाबरवले. नोव्हेंबर २०२१ च्या दुसऱ्या फेरीत पोटॅशियम ५.९ आले, जे खरे असेल तर हृदयाच्या दृष्टीने चिंतेचे. आमच्या गल्लीतल्या साध्या लॅबमध्ये त्याच संध्याकाळी पुन्हा रक्त दिले, ते ४.४ निघाले. साताऱ्याहून पुण्याला नमुना जाताना तांबड्या पेशी फुटल्या किंवा रक्तद्रव वेळेत वेगळा झाला नाही तर पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपून असा फुगलेला आकडा येतो, हे त्या लॅबच्या बाईंनी दोन वाक्यांत समजावले. २०२३ च्या फेरीत टीएसएच अगदी खाली आणि टी-४ वर आले, म्हणजे थायरॉइड जोरात धावते आहे असे चित्र. त्या काळात केस गळतात म्हणून मी बायोटिनची मोठ्या मात्रेची गोळी घेत होते. काही यंत्रांवर थायरॉइड मोजण्याच्या पद्धतीतच बायोटिनचा उपयोग केलेला असतो आणि गोळीतले बायोटिन त्या मोजणीत लुडबुड करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल २०१७ मध्ये इशाराही दिलेला आहे. आठवडाभर गोळी बंद ठेवून तपासले तेव्हा सगळे जागेवर होते. ‘केसांसाठी किंवा नखांसाठी काही घेता का’ हा एक प्रश्न अर्जात असता तर माझे आठ दिवस आणि नव्या तपासणीचे पैसे वाचले असते. प्रयोगशाळेचा एक तारा मी या दोन प्रसंगांसाठी कापला. बाकी तिला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे आणि रिपोर्टवर पात्र पॅथॉलॉजिस्टची सही असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा सहीचा आग्रह धरल्यानंतरही ती न पाहताच रिपोर्ट स्वीकारणारे बरेच जण मी पाहिले आहेत, म्हणून नमूद करते.

अकरा, तेरा, बारा अशा त्या तिन्ही वर्षांच्या लाल आकड्यांत माझ्या आजाराचा माग खरोखरच होता. तिथेच मला या सेवेचा सर्वांत जास्त राग येतो.

पॅकेजमध्ये ‘हार्ट रिस्क’ नावाचे एक पान होते आणि त्यात हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही तपासणी होती. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन शरीरात कुठेही दाह असला की वाढते. हृदयविकाराचा धोका अजमावताना १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असे धरतात, आणि ते निरोगी माणसाच्या बाबतीत ठीक आहे. माझा आकडा २०१९ मध्ये ४.८ होता, २०२१ मध्ये ८.६ आणि २०२३ मध्ये ७.९. म्हणजे चार वर्षे माझ्या शरीरात काहीतरी धुमसत होते आणि कागदावर त्याची नोंद होत होती; पण ती नोंद हृदयाच्या चित्राखाली छापली जात होती. ‘मोफत सल्ल्या’साठी आलेल्या फोनवर मी दर वेळी सकाळच्या ताठरपणाचे सांगितले, आणि दर वेळी समोरच्या व्यक्तीने पडद्यावरचे पान वाचून दाखवले: हृदयाचा धोका जास्त, तूप कमी करा, रोज अर्धा तास चाला, तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा करा. माझे कोलेस्टेरॉल १६२ होते. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, रक्तदाब नसलेल्या बाईचा सीआरपी सतत वर का राहतो, हा प्रश्न त्या सात मिनिटांत कोणाला पडला नाही. चालण्याचा सल्ला मात्र, चुकीच्या कारणासाठी दिलेला असला तरी, उपयोगी पडला.

लोहाचेही तसेच झाले. हिमोग्लोबिन १०.८ आणि सीरम आयर्न कमी, यावरून ‘लोहाची कमतरता’ असे लिहून आले आणि मी वर्षभर लोहाच्या गोळ्या घेतल्या; पोट बिघडले, हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. लोह खरोखर कमी असले की टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता, हा आकडा वर जातो, आणि माझा तो मर्यादेच्या तळाशी होता. दीर्घकाळ दाह असलेल्या शरीरात लोह साठ्यात असूनही वापराला मिळत नाही आणि रक्तात ते कमी दिसते. हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, पाहतात. लोहाच्या सदरात चार तपासण्या होत्या, त्यांत फेरिटिन नव्हते. एक्क्याण्णवांमध्ये लघवीच्या रंगाला जागा होती, हे पुन्हा एकदा आठवले. ईएसआर ही दाह दाखवणारी अगदी जुनी, स्वस्त तपासणीही यादीत नव्हती.

दुसऱ्या फेरीला मी ३०० रुपये जास्त देऊन ‘सांधे’ हा जोड घेतला होता. त्यात युरिक अॅसिड आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातासाठी पाहतात तो आरए फॅक्टर या दोन गोष्टी होत्या. दोन्ही व्यवस्थित. फोनवर मला स्पष्ट सांगण्यात आले की आरए निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही, तुम्ही निश्चिंत राहा. हे वाक्य माझ्या मनात पुढची दोन वर्षे घर करून बसले. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनाही मी स्वतःहून सांगत असे की संधिवात नाही, तपासून झाले आहे. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो, आणि संधिवाताचे काही प्रकार तर असे आहेत की त्यांत हा घटक सापडणे अपेक्षितच नसते. पॅकेजने मला उत्तर दिले नाही एवढेच असते तर मी दोन तारे तरी दिले असते. त्याने एक दार लावून घेतले.

सप्टेंबर २०२३ मध्ये उजवा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. डोळे आल्याची साथ होऊन गेली होती, म्हणून दोन दिवस थेंब घालून काढले. नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पमधून पाहिले, साथीचे डोळे नाहीत, डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आहे असे सांगितले, आणि लिहिता लिहिता विचारले, “सकाळी कंबर धरते का?” सहा वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच विचारला गेला, आणि तो डोळ्यांच्या दवाखान्यात. त्यांनी औषधाबरोबर पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. संधिवाततज्ज्ञ मोजकेच आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मला पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली.

त्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी पहिली पंचवीस मिनिटे फक्त विचारले. कितव्या वर्षी सुरू झाले, हळूहळू की एकदम, पहाटे जाग येते का, उठून फिरल्यावर बरे वाटते का, लोळल्यावर वाढते का, टाचा, त्वचेवर चट्टे, जुलाब, घरात कोणाला. ही यादी मनाने केलेली नसते. ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी हे एका विशिष्ट गटाच्या आजारांचे लक्षण मानले जाते. मग त्यांनी पाठीवर पेनाने दोन खुणा केल्या, एक कंबरेच्या खळग्यांच्या रेषेवर आणि दुसरी तिच्यावर दहा सेंटिमीटर, आणि मला वाकायला सांगितले. निरोगी पाठीत हे अंतर वाकल्यावर सुमारे पाच सेंटिमीटरने वाढते. माझे तीननेही वाढले नाही. सगळ्यांसमोर मी वाकत होते ते खुब्यातून. पाठ वाकतच नव्हती. त्यासाठी लागले ते दर्जीकडे असते तसली एक टेप आणि एक पेन.

मी तिन्ही वर्षांचे रिपोर्ट पुढे ठेवले. त्यांनी ते उलगडले, बाकीची पाने बाजूला केली आणि ‘हार्ट रिस्क’च्या पानावरच्या एकाच ओळीभोवती तिन्ही ठिकाणी गोल काढला. पुढे एचएलए-बी२७ या जनुकाची तपासणी झाली, ज्याचा पाठीच्या कण्याच्या संधिवाताशी असलेला संबंध १९७३ पासून माहीत आहे. ती पॉझिटिव्ह आली. एकट्या तिच्यावर निदान होत नाही, कारण हे जनुक असलेल्या बहुतेकांना तो आजार आयुष्यात कधी होत नाही, हेही त्यांनी आधीच बजावले. मग माकडहाडाजवळच्या दोन सांध्यांचा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांचा, एमआरआय. पूर्वीचा एमआरआय कंबरेच्या मणक्यांचा होता. त्याच्या कापांमध्ये हे सांधे नीट येत नाहीत, त्यामुळे तो कितीही बारकाईने वाचला तरी उपयोग नव्हता. नव्या चित्रात दोन्ही बाजूंच्या हाडांत सूज दिसत होती. निदान: अॅक्सिअल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा आणि या सांध्यांचा दाह असलेला संधिवात, एक्स-रेवर अजून न दिसणारा टप्पा. ज्याचे पुढचे रूप लोक अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या नावाने ओळखतात, तोच.

खर्चाचा ताळा मांडते, कारण हा शेवटी एका सेवेचा अभिप्राय आहे. तीन पॅकेजे आणि तो जोड मिळून मी ६,७९७ रुपये दिले. दोन निष्कारण फेरतपासण्या, लोहाच्या आणि केसांच्या गोळ्या धरल्या तर आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. संधिवाततज्ज्ञांची फी, एचएलए-बी२७ आणि तो एमआरआय मिळूनही जवळपास तेवढाच खर्च आला. म्हणून पॅकेज ‘स्वस्त’ आहे असे मला म्हणता येत नाही. त्याच पैशांत दुखणे कोणाच्या तरी समोर नीट मांडता आले असते.

ज्यांच्या दुखण्याला अजून नाव सापडलेले नाही त्यांनी हे पॅकेज घेऊच नये का? मी तसे म्हणणार नाही. थकव्यामागे थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो यातून सापडू शकतो, आणि त्या शक्यता बाजूला काढणे हेही काम आहे. पण ‘सगळे तपासले’ या भ्रमात राहू नये. रिपोर्टमधले लाल आकडे मोजण्यापेक्षा जुन्या रिपोर्टमधला तोच आकडा शेजारी ठेवून कोणता सतत एकाच बाजूला झुकतो ते पाहावे, आणि त्यावर छापलेल्या शीर्षकावर विसंबू नये. आणखी एक, जे मी केले नाही आणि करायला हवे होते: दुखण्याची वेळ लिहून ठेवणे. मला कुणी एक महिनाभर सकाळी किती वाजता उठले, किती वाजता मोकळी झाले, एवढे दोन आकडे वहीत टिपायला लावले असते, किंवा माझ्या पतींनी सकाळी सहाला मी पलंगावरून उतरते त्याचे दोन मिनिटांचे चित्रीकरण करून संध्याकाळी सातच्या डॉक्टरांना दाखवले असते, तर गादी फुगल्याच्या गोष्टीवर आम्ही इतके दिवस थांबलो नसतो.

त्या कंपनीची मी अजूनही ग्राहक आहे. या आजारावरच्या माझ्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी क्रिअॅटिनिन, एसजीपीटी, सीबीसी आणि सीआरपी या चार तपासण्या सुट्या मागवते. नोंदणी करताना फोनवरची मुलगी न चुकता सांगते की मॅडम, थोडे पैसे वाढवले तर सगळ्या एक्क्याण्णव होतील. मी नको म्हणते. या चार तपासण्यांना उपाशी राहावे लागत नाही, पण कार्यालय गाठायचे असल्याने वेळ साडेसहाचीच घेते. साताऱ्याच्या या भागात अजून तोच मुलगा येतो. गेल्या महिन्यात पहिल्याच घंटेला मी दार उघडले तेव्हा तो पेटी खाली ठेवता ठेवता थांबला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही दाराजवळच उभ्या होता का?” मी स्वयंपाकघरातून आले होते.